रकाने मोडताना

रविवारी ताईचा फोन आला. "या वेळी उजेड छान पकडलायस. सकाळचा असा उजेड रोज नाही मिळत," ती म्हणाली, आणि नेहमीसारखं "बरं, ठेवते" म्हणून तिनं फोन ठेवलाही. तेवढ्यावर तो दिवसभर खूश होता. बायकोनं बाजारात दोनदा हेलपाटा घालायला लावला तरी कुरकुरला नाही, आणि संध्याकाळी आरशापुढं उभं राहून कारण नसताना केस विंचरले. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या अंगावर थोरल्या बहिणीच्या एका वाक्यानं मूठभर मांस चढावं, हे कुणाला सांगायला गेलं तर लोक हसतील; म्हणून त्यानं ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सोमवारी दुपारी कचेरीत, जेवणाची सुट्टी संपायला थोडा अवकाश असताना, तोच उजेड पुन्हा एकदा बघावा म्हणून त्यानं आपली फोटोंची साइट उघडली. सगळ्यात वरच्या रांगेत, पहिल्या रकान्यात, फोटोच नव्हता. खाली बारीक अक्षरांत 'गच्ची, सकाळ' अशी ओळ होती आणि ओळीच्या वर नुसतं पांढरं.

चूक त्याची होती आणि ती त्याला लगेच उमगली. साइट त्यानं स्वतःच्या हातानं लिहिली होती, त्या काळी सगळे लिहायचे तशी, टेबलात. आडव्या रांगा, उभे रकाने, एका रांगेत तीन फोटो, आणि त्यांच्या खालच्या रांगेत तिघांची नावं. दर रविवारी एक फोटो. रकाना रिकामा सोडला की तो आकसायचा आणि अख्खं पान एका अंगावर कलायचं, म्हणून तो आधी रकान्यात एक आरपार ठिपका ताणून बसवायचा. दिसायला काही नाही, पण जागा धरून ठेवायचा. मग खालची ओळ लिहायची, आणि शेवटी ठिपका काढून त्या जागी फोटो घालायचा. या रविवारी नेमकी त्या शेवटच्या वेळी बायकोनं न्हाणीघरातून हाक मारली होती. नळ बंद होत नव्हता. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नोकरी करणाऱ्याच्याच घरचा नळ गळतो, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, वगैरे ऐकत तो पाना शोधत राहिला आणि ठिपका तिथंच राहिला. म्हणजे रविवारी सकाळपासून त्या पानावर गच्ची नव्हती, सकाळ नव्हती, उजेड तर नव्हताच. मग ताईनं छान म्हटलं ते कशाला?

आधी त्यानं स्वतःची समजूत घातली. ताईच्या संगणकात जुनंच पान साठून राहिलं असेल, तिनं मागच्या आठवड्याचा फोटो बघितला असेल. पण मागच्या आठवड्याचा फोटो भुयारी रस्त्याचा होता. त्यात उजेड शोधायचा तर काडी ओढावी लागली असती. मग वाटलं, ती थट्टा करत असेल. पण ताई आणि थट्टा यांचा संबंध कधीच जुळला नव्हता. समोर पसरलेल्या नकाशावर त्याला एका जुन्या वस्तीतल्या नळांच्या लाइनी नव्यानं उतरवायच्या होत्या. कुठल्या कोपऱ्यावर झडप, कुठं नुसती टोपी बसवून बंद केलेलं तोंड. पेन्सिल हातात घेतली की एरवी त्याचं डोकं ताळ्यावर यायचं, आज येईना. उठला, पाणी प्यायला, परत बसला, परत उठला. जिन्यापाशी गेला आणि आपण इथं कशाला आलो हे आठवेना म्हणून परत आला. "काय, खुर्चीला ढेकूण झालेत का?" पलीकडचा आरेखक म्हणाला. तो कसंनुसं हसला. मनात आलेलं शब्दांत मांडायची त्याला भीती वाटत होती, कारण एकदा मांडलं की ते खरं होऊन बसणार.

आई गेली तेव्हा तो शाळेत होता आणि ताईला टेलिफोन खात्यात नुकतीच नोकरी लागली होती. तेव्हापासून ताईनं त्याला वाढवलं, म्हणजे विचारून विचारून वाढवलं. जेवलास? आवरलंस? फी भरलीस? स्वेटर कुठाय? दिवसभर कानाला यंत्र लावून दुसऱ्यांची बोलणी जोडून देणारी बाई. घरी आली की तिला शब्दांचा कंटाळा यायचा. जेवढ्यास तेवढं. फोनवर लांबण लावणारी माणसं तिच्या डोक्यात जायची. पुढं तिचं लग्न झालं, ती दुसऱ्या शहरात गेली, त्याचंही झालं, आणि मग त्या प्रश्नांनाही काही अर्थ उरला नाही, कारण जेवलास का हे विचारायला आता घरात दुसरी हक्काची बाई होती. दोघं फोनवर समोरासमोर बसल्यासारखी गप्प बसायची. भांडण नव्हतं, दुरावा नव्हता, बोलायला विषयच नव्हता. तशात त्यानं कॅमेरा घेतला, नवलाई म्हणून साइट बनवली, आणि पहिल्याच रविवारी ताईचा फोन आला. "तो कठडा छान आहे. गंजलाय ते बरं दिसतंय." बस्स, एवढंच. पण तो हुकूम नव्हता, चौकशी नव्हती. जन्मात पहिल्यांदा ताईनं त्याला न विचारता काहीतरी सांगितलं होतं. तेव्हापासून एक रविवार चुकला नाही. तो फोटो लावायचा, ती दोन वाक्यं बोलायची. नवलाई ओसरली, साइट बघणारे मित्र एकेक करून गळाले, पानावर कोण येतं हे बघायचंही त्यानं सोडून दिलं. ताई येत होती. एका माणसासाठी कुणी इतकी वर्षं दुकान मांडून बसतं का? तो बसला होता.

आणि आता, न्हाणीघरातल्या नळासारखं, एकेक थेंब करून त्याला आठवायला लागलं. मध्यंतरी एकदा त्यानं भिंतीवर झोपलेल्या मांजराचा फोटो लावला होता, आणि ताई म्हणाली होती, "जिना सुरेख आहे." जिना त्याच रांगेत, पण पहिल्या रकान्यात, दोन आठवड्यांपूर्वीचा. तेव्हा तो हसला होता, वयाला दोष देऊन मोकळा झाला होता. अलीकडे ती कठडा, गंज, कोपऱ्यातली बादली असं बोटानं दाखवल्यासारखं काही बोलत नव्हती. छान आहे. शांत वाटतं. उजेड छान. कुठल्याही फोटोला चालेल असं. मागं तिच्याकडं गेला होता तेव्हा तिनं त्याच्यासाठी चहा ओतला होता, आणि ओतताना कपाच्या काठावरून बोट आत सोडलं होतं. चहा बोटाला लागला तशी तिनं किटली उचलली. त्यानं ते बघितलं होतं. स्वच्छ बघितलं होतं. फोटो काढणारा माणूस; जगाकडं बघण्याची त्याला मोठी ऐट. आणि बघून त्याच्या मनात एवढंच आलं होतं, की ताईच्या बोटाला चटका बसत नाही की काय.

संध्याकाळी त्यानं भाचीला फोन केला. ताई आता तिच्याकडंच राहत होती. आडवळणानं विचारायचं ठरवलं होतं, पण तोंडातून सरळच गेलं, "ताईला दिसतं ना गं?" पलीकडं काही क्षण नुसता स्वयंपाकघरातला आवाज येत राहिला, मग दार लावल्याचा.

"मामा, तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"काचबिंदू. आधी एक गेला, आता दुसराही गेल्यातच जमा. उजेड-अंधार कळतो फक्त. वर्ष होऊन गेलं." तिचा आवाज चिरका झाला. "तिनं मला शपथ घातलीय रे. म्हणाली, बारक्याला कळलं तर तो फोटो लावायचा बंद करेल. एवढाच काय तो उद्योग आहे त्याला, तो कशाला मोडायचा."

बारक्या म्हणजे तो. सगळ्यात धाकटा म्हणून पडलेलं नाव, पोटाचा घेर वाढला तरी ताईनं सोडलं नव्हतं. तो म्हणाला, "मग ती बोलते कशी फोटोवर?"

"फोन वाचून दाखवतो तिला. थांब, ऐकवते." भाचीनं दुसऱ्या फोनवर त्याचं पान उघडलं असावं. एका बाईचा, घाई झाल्यासारखा, सपाट आवाज सुरू झाला. टेबल. रांग एक, रकाना एक. चित्र, थिप्का. रकाना दोन. चित्र, थिप्का. रकाना तीन. चित्र, थिप्का. ठिपक्याला त्यानं इंग्रजीत दिलेलं नाव तो आवाज असा उच्चारत होता. रांग दोन, रकाना एक. गच्ची, सकाळ. मग खालच्या रांगा. चित्र, डीएससी, शून्य शून्य, पुढं आकड्यांची माळ, कॅमेऱ्यानं फोटोला दिलेलं नाव ते. पुन्हा चित्र, पुन्हा माळ. तीन चित्रं संपली की तीन नावं एका दमात, कुठलं कुणाचं याचा पत्ता नाही. "हे असं ती दर रविवारी ऐकते," भाची म्हणाली. "मग खोलीत बसून ठरवते काय बोलायचं ते. मग तुला फोन करते. हल्ली कंटाळलीय पण. परवा म्हणाली, आता त्याला सांगून टाकावं की माझा संगणक बिघडला, रविवारचं राहू दे. मामा, तुला मी सांगितलं हे तिला कळता कामा नये हं."

फोन ठेवल्यावर तो घरभर फिरला. बाहेरची खोली, आतली खोली, गॅलरी, परत बाहेरची खोली. बायकोला सांगितलं तेव्हा तिनं तोंडावर हात घेतला आणि मग लगेच, तिच्या स्वभावाप्रमाणे, सरळ रस्ता दाखवला. "अहो, वन्संना फोन करा आणि सांगा, मला कळलंय. संपलं. रडतील, तुम्ही रडाल, मोकळे व्हाल." त्यानं मान हलवली. तिच्या माहेरी सगळे असंच करतात, दणादण बोलतात, दणादण रडतात आणि मग पोटभर जेवतात. त्याच्याकडं ती रीतच नव्हती. तो फोन करेल, म्हणेल "ताई, मला कळलं", ती म्हणेल "बरं", आणि मग? मग रविवारचं कारणच संपलं. न दिसणाऱ्या बाईनं फोटोवर काय बोलायचं आणि त्यानं तिच्यासाठी कशाचे फोटो लावायचे? दोघांमध्ये एक दोरी होती, तीही तिनं वर्षभर नुसत्या अंदाजानं धरून ठेवलेली. आता ती सोडायच्या बेतात होती. तिनं सोडली, तर उरलेल्या आयुष्यात दोघं एकमेकांशी काय बोलणार, हे त्याला खरोखर सुचेना. भीती वाटली. लहानपणी ताईला कामावरून यायला उशीर झाला की वाटायची तसली.

गुरुवारपासून त्यानं रजा टाकली आणि साइट मोडायला काढली. टेबलाऐवजी पान मांडायची तऱ्हा, सीएसएस, त्याला अगदीच नवी नव्हती. सगळे कधीच तिकडं गेले होते, हाच आपला जुन्या घोड्यावर बसून होता. पानावर काय आहे ते एका ठिकाणी सरळ ओळीत लिहायचं, आणि ते कसं दिसावं, कुठं बसावं, हे वेगळ्या ठिकाणी सांगायचं. फोटो आणि त्याचं नाव एकाच वेष्टनात, म्हणजे वाचणारा आवाज फोटोपाठोपाठ त्याचंच नाव घेईल, तिघांची खिचडी करणार नाही. आणि फोटोच्या मागं एक ओळ लिहायची सोय होती, ती डोळस माणसाला दिसत नाही, फक्त त्या आवाजाला दिसते: फोटोत काय आहे ती ओळ. ही सोय पहिल्या दिवसापासून होती. त्यानं ती जागा सगळीकडं मोकळी सोडली होती. फोटोत काय आहे ते फोटोत दिसतंय की, वेगळं कशाला लिहायचं, असं त्याला वाटायचं.

टेबल काढलं तेव्हा पान कोसळलं. रांगा नाहीत, रकाने नाहीत. सगळे फोटो डाव्या कडेला एकाखाली एक ढीग होऊन पडले, आणि त्यांच्यामधली रकान्यांची जागा नाहीशी झाल्यामुळं कुणाचा पाय कुणाच्या डोक्यावर. मोडणं सोपं असतं, म्हणायचे घरी. इतकी वर्षं कुणाच्या शेजारी कोण हे त्यानं ठरवलं होतं: जिन्याशेजारी पूल, पुलाशेजारी मांजर. नव्या तऱ्हेत ते त्याच्या हातात उरणार नव्हतं. मोठ्या पडद्यावर चार शेजारी, फोनवर एकही नाही. नकाशे काढणाऱ्या माणसाला हे फार जड जातं. झडप कोपऱ्यावर आहे म्हणजे कोपऱ्यावरच आहे, बघणाऱ्याच्या सोयीनं ती इकडंतिकडं जात नाही. दोनदा त्यानं जुनं पान परत लावलं आणि दोनदा काढलं. शेवटी डोळे मिटून, कानांत फोनची बोंडं घालून, आपलंच पान त्या सपाट आवाजात ऐकत बसला. थिप्का. थिप्का. थिप्का. बायको आत आली. "झोपलात की काय?" त्यानं डोळे न उघडता मान हलवली. ती दारात उभी राहिली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेली.

खरी परीक्षा त्या मोकळ्या ओळींची होती. एक फोटो घेतला. त्यानं लिहिलं, 'जिना.' मग थांबला. जिना हे तर खाली लिहिलंच आहे. आणखी काय? 'दगडी जिना. उत्तरेकडं चढतो. डाव्या हाताला भिंत.' वाचून स्वतःलाच हसू आलं. हे तर कचेरीतलं टिपण झालं, खाली सही आणि शिक्का तेवढा राहिला. त्यानं बायकोला हाक मारली आणि म्हणाला, "यात काय दिसतंय?" तिनं चष्मा लावला. "जिना दिसतोय. वरच्या पायरीवर कुणीतरी चपला काढून ठेवल्यात. आणि अहो, एकच जोड नाही, बायकांची एक आणि लहान मुलाची एक. आत गेली असतील मायलेकरं." त्यानं वाकून बघितलं. चपला होत्या. त्यानं तो फोटो काढला होता, कापला होता, उजळवला होता, इतके महिने मांडून ठेवला होता, आणि त्याला जिन्याचा तिरका कोन तेवढा माहीत होता. चपला आज कळल्या. "तुम्ही फोटो काढता, पण बघता कधी?" बायको म्हणाली. ती थट्टेनं म्हणाली, त्याला मात्र ते चांगलंच बोचलं.

पण मग हळूहळू हात बसला. एकेक फोटो उघडायचा आणि ताई शेजारी बसलीय असं समजून सांगायचं. 'पुलावर माणसं. पाऊस नाही, तरी एकानं छत्री उघडलीय, उन्हासाठी असेल. बाकीचे त्याच्यापासून जरा लांबून चाललेत.' 'मांजर भिंतीवर झोपलंय, शेपूट खाली सोडलंय, खालून चाललेल्या माणसाच्या टोपीला लागेल असं.' आपल्याला हे येतं हे त्याला माहीत नव्हतं. एकच नियम त्यानं स्वतःला घालून घेतला: जे दिसतं ते लिहायचं आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणून लिहायचं, बनवाबनवी करायची नाही. बनवाबनवी आता पुष्कळ झाली होती. कधीकधी लिहिता लिहिता रंगात यायचा आणि पदरची दोन वाक्यं घालायचा. रजा संपली, मग सकाळी कचेरीत जायच्या आधी, आल्यावर जेवायच्या आधी, सुट्टीच्या दिवशी तर बैठक मारून. ते रविवार त्यानं जुन्याच पानावर फोटो लावून साजरे केले आणि ताईनं "छान आहे, शांत वाटतं" म्हणून फोन ठेवला. दोघंही खोटं बोलत होती आणि दोघांपैकी एकालाच ते माहीत होतं, हे त्याला फार लाजिरवाणं वाटायचं. त्या दोन वाक्यांनंतर त्याला बसवायचं नाही.

एका मंगळवारी सकाळी त्यानं नवं पान चढवलं. काही कळवलं नाही. रविवारी ती नेहमीप्रमाणे उघडेल आणि तिला कळेल. पण चढवल्याबरोबर त्याची झोप उडाली. कळेल म्हणजे काय कळेल? की बारक्याला ठाऊक आहे. की वर्षभर आपण उजेड छान म्हणत होतो ते तिकडं उघडं पडलं. ताई मानी होती. नोकरीत साहेबानं एकदा आवाज चढवला म्हणून दोन दिवस त्याच्याशी ती फक्त नंबर बोलली होती. ती चिडली तर? आंधळीची कीव केलीस, म्हणाली तर? काढून टाकावं का पान? रविवारपर्यंत वेळ आहे. काढावं, नको, काढावं. बुधवारी कचेरीत त्यानं एक लाइन चुकीच्या रस्त्यावरून नेली आणि साहेबाची बोलणी खाल्ली. गुरुवारी, दुपारच्या जेवणानंतर, मेजावर ठेवलेला फोन वाजला. पडद्यावर ताईचं नाव. गुरुवारी. आजवर रविवार सोडून ताईचा फोन फक्त कुणी गेलं तरच आला होता.

"बारक्या, कामात आहेस का?"

"नाही. बोल."

"तिनं सांगितलं ना तुला? माझ्या लेकीनं?"

"नाही गं. तिनं नाही."

"खोटं बोलताना तू आधी 'नाही गं' म्हणतोस. लहानपणापासून." ती थांबली. "असू दे. तिला ओरडले नाहीये. काल जिन्यातून येताना सहज उघडलं पान, तर फोनमधली ती बया एकदम वेगळंच बोलायला लागली. मी तिथंच पायरीवर बसले. शेजारीण धावत आली, म्हणाली पडलात का." पुन्हा थांबली. ताई फोनवर थांबायची नाही, ही आज थांबत होती. "सगळं ऐकलं. काल आणि आज. सगळंच्या सगळं."

"आवडलं?" असं त्याला विचारायचं होतं, पण तोंडातून निघालं ते वेगळंच. तो म्हणाला, "फार पाल्हाळ झालंय का?"

"झालंय. त्या छत्रीवाल्याचं काय एवढं. पण असू दे." मग तिचा आवाज थोडा खाली आला. "एक थांब्याचा फोटो आहे बघ तुझा. आमच्या गावातला, तू राहायला आला होतास तेव्हाचा. गाडीच्या थांब्यावर माणसं."

"हो."

"त्यात एक बाई लिहिलीयस. सगळ्यांच्या पुढं, पाठमोरी. खांद्याला पिशवी."

त्याला अंधुक आठवलं. घाईत लिहिला होता, आवरता आवरता. "हो. आहे."

"कोण कुणास ठाऊक, असं लिहिलंयस पुढं."

त्यानं कळफलक पुढं ओढला.

"मी आहे रे ती," ताई म्हणाली.

पलीकडच्या आरेखकानं खुर्ची सरकवली, बाहेरच्या वाटेवरून कुणीतरी हसत गेलं. त्यानं फोन कानाशी घट्ट धरला होता आणि दुसऱ्या हातानं साइट उघडायला धडपडत होता. "मी कामावर निघाले होते," ताई सांगत होती, "तू म्हणालास जरा फिरून येतो, कॅमेरा घेऊन. मग रविवारी बघितलं तर मी. पाठीकडून, पण मी. मला वाटलं तू मुद्दाम काढलायस. न सांगता, गुपचूप. आपल्यात कुठं बोलायची पद्धत आहे. म्हणून मीही काही बोलले नाही. पण दर रविवारी आधी तो उघडायचे, मग नवा. दिसत होतं तोवर." इतकी वाक्यं ताई त्याच्याशी एका दमात कधी बोलली नव्हती. "ठाऊक नव्हतं का रे तुला?"

म्हणता आलं असतं, ठाऊक होतं गं, लिहिताना गडबड झाली. ते वाक्य जिभेवर तयार होतं, त्याच्या आधीचं 'नाही गं' सुद्धा. तिनं ते ऐकून घेतलं असतं आणि बरं म्हटलं असतं. इतक्या वर्षांचे तिचे रविवार शाबूत राहिले असते. त्याचे डोळे भरून आले आणि कचेरीत, भर दुपारी, ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"नव्हतं, ताई," तो म्हणाला. "मी बघितलंच नव्हतं."

आता ती "ठेवते" म्हणेल, आणि मग पुन्हा फोन येणार नाही, रविवारी नाही, गुरुवारी नाही. तो वाट बघत राहिला. तिचा श्वास ऐकू येत होता.

"उघडलायस का तो?" तिनं विचारलं.

"उघडतोय. हां, उघडला."

"मग आता बघ. आणि सांग मला. आरशात बघून किती दिवस झाले."

त्यानं खुर्ची पुढं ओढली आणि नाक पडद्याला लागेल इतका वाकला. पिशवी होती, खांद्यावरून घसरायला आलेली. उजवी टाच चपलेच्या बाहेर आलेली होती. त्यानं ते सांगितलं. "चावायची ती चप्पल," ताई म्हणाली, "टाकून दिली मग. पुढं?" मान जरा डावीकडं कललीय, गाडी तिकडून येत असेल. पाठ ताठ आहे. सगळ्यांत ताठ तुझीच आहे. "असेलच. पुढं?" केस वर बांधलेत, घाईत बांधल्यासारखे, मानेवर थोडे सुटलेत. बोलता बोलता तो अडखळला. "आणि डाव्या कानामागं," तो म्हणाला, "एक पांढरी बट आहे. बारीकशी. बाकी सगळे काळे."



"आहे होय," ती म्हणाली. "ती मी आत वळवून बांधायचे. मला वाटायचं, कुणाला दिसत नसेल."